घड्याळातली कांजी

बुद्धपौर्णिमा त्या वर्षी रविवारी आली होती. सक्करदऱ्याला सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरून, त्यावर सासऱ्यांचं मनगटी घड्याळ ठेवून आणि डाव्या डोळ्यात भिंग अडकवून प्रशिक बसला होता. कूलर त्याने बंद करायला लावला होता. दमट हवा जुन्या घड्याळाच्या जिवावर उठते, असं त्याचं म्हणणं. नागपुरात मे महिन्यात चालू कूलर बंद करणाऱ्या जावयाला दुसऱ्या घरात कोणी पाणी विचारलं नसतं. पण त्याचे सासरे धोंडबा घामाने निथळत समोर बसले होते आणि हूं की चूं करत नव्हते. उजव्या हाताने ते डावं मनगट चोळत होते. घड्याळाच्या जागी तिथे गोरा पट्टा उमटला होता.

प्रशिक मिहानमधल्या एका कंपनीत विमानांच्या सुट्या भागांची तपासणी करायचा आणि घरी आल्यावर जुन्या जपानी घड्याळांची. हा नाद त्याला लग्नाच्या आधीपासूनचा. नंदिनीला पाहायला आला त्या दिवशीसुद्धा चहाचा कप घेताना त्याची नजर आधी तिच्या वडिलांच्या मनगटावर गेली होती. पिवळीधम्मक तबकडी, तिच्यात खाली आणखी एक छोटी तबकडी, उजव्या अंगाला दोन बटणं. वरचं दाबलं की लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की मुकाट जागेवर येऊन उभा राहतो. असं घड्याळ तोवर त्याने फक्त फोनवर फोटोत पाहिलं होतं.

"माह्याकडे कुठं पाहिलं तू?" नंदिनी अजूनही म्हणायची. "बाबाच्या हाताकडे पाहून हाव म्हटलं."

यावर प्रशिक भिंग पुसायला घेई.

हे घड्याळ धोंडबांकडे आलं कसं, त्याची गोष्ट साऱ्या गल्लीला पाठ होती. तरुणपणी ते स्टेशनवर टॅक्सी चालवायचे. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात ओगावा नावाचा जपानी पाहुणा दीक्षाभूमी पाहायला आला, त्यांच्या टॅक्सीत बसला आणि ऊन लागून टॅक्सीतच आडवा झाला. धोंडबांनी त्याला हॉटेलात न टाकता घरी आणलं. बरा होऊन निघताना त्याने हातातलं घड्याळ काढून धोंडबांच्या हाताला बांधलं आणि धोंडबांचं किल्लीचं घड्याळ आपल्या हाताला बांधून घेतलं. धोंडबा ही गोष्ट दरवर्षी सांगत, आणि पुढे शेजारी राहायला आलेला त्यांचा स्टेशनवरचा जोडीदार लहानू दरवर्षी हसत असे.

"ओगावा म्हणजे कोणतं गाव गा, धोंडबा? उमरेडच्या अलीकडे का पलीकडे?"

गेल्या आठवड्यात मात्र चहाच्या टपरीवर लहानूने चारचौघांत मर्मावर बोट ठेवलं. "घडी अस्सल असती तं जवाईले काहून नाही देली? तो तं घड्यायपायी पागल आहे. सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतली असन, म्हणून देत नाही. देली तं पितळ उघडं पडन ना!"

धोंडबांच्या डोक्यात सणक गेली. हातातला कप बाकावर आपटून ते म्हणाले, "धरमपेठचे भैय्याजी येऊन पाहतीन घडी. जवाईच्या ओळखीचे आहे. ते अस्सल म्हणाले तं त्याच घटकेले जवाईच्या हातात बांधतो. मले काही लोभ नाही. पण मंग तू साऱ्यायसमोर म्हणायचं, धोंडबा खोटं नाही बोलला!"

बोलून बसले, आणि घरी येईस्तोवर त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतःलाच पेचात पकडलं आहे. घड्याळ खरं निघालं तर हात रिकामा होणार, आणि खोटं निघालं तर चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी पडणार. ओगावासाहेबही खोटा पडणार. तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

प्रशिकच्या मनात असला काही गुंता नव्हता. त्याला घड्याळ हवं होतं. त्याहून जास्त हवा होता भैय्याजींच्या तोंडून 'अस्सल' हा शब्द. जुनी घड्याळं जमवणाऱ्या नागपूरकरांत भैय्याजींचा शब्द शेवटचा. आजवर प्रशिकने त्यांच्यासमोर जे जे घड्याळ ठेवलं, ते त्यांनी भिंगाखाली धरून, सुस्कारा सोडून परत केलं होतं. "खिचडी आहे, बेटा. डायल एका घडीची, काटे दुसरीचे, मशीन तिसरीची." शेवटच्या वेळी तर ते त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "पट्टा मात्र चांगला घेतला तू."

"काय काय पाहतात वो ते भैय्याजी?" सासूबाईंनी, सिंधूताईंनी, जाता जाता विचारलं. संध्याकाळी विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्याला त्या मागच्या ओसरीत कांजी करत होत्या. भाताच्या पेजेचं पातेलं न्यायला त्या आत आल्या होत्या.

"सगळं पाहतात, मामीजी," प्रशिक भिंगातून न हलता म्हणाला. तिकडच्या रीतीप्रमाणे तो सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना मामीजी म्हणे. "डायल, काटे, नंबर. घासून चमकवलेली असन तर नाक मुरडतात. अन् आत पाणी गेलेली असन तर संपलंच. पाणी प्यालेली घडी अन् दारू प्यालेला माणूस, दोघायलेही ते दारातूनच परत पाठवतात."

"असं का," म्हणून सिंधूताई पातेलं घेऊन निघून गेल्या.

प्रशिकने घड्याळ उलटं केलं. पाठीवरचा नंबर शून्याने सुरू होत होता. पहिला आकडा सालाचा, हे त्याला ठाऊक होतं. पण शून्य म्हणजे सत्तर साल की ऐंशी, हे आकडा सांगत नाही. त्याने पुन्हा तबकडी वर केली आणि तिच्या खालच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं वाचायला भिंग आणखी जवळ नेलं.

"वॉटर... सेव्हंटी... प्रूफ!" तो खुर्चीतून उठलाच. "मामाजी, प्रूफ! नंतरच्या घड्यायवर 'रेझिस्ट' लिहायला लागले. प्रूफ म्हणजे पहिल्यावाली! वॉटर प्रूफ आहे वं, नंदिनी!"

"आहे ना, मंग वरडून काहून राहिला?" नंदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

धोंडबांनी ओठ ओले केले. "म्हणजे... अस्सल?"

"थांबा, थांबा." प्रशिकने चावी हलकेच दाबत वाराची चकती पुढे सरकवली. छोट्या खिडकीत इंग्रजी रविवार गेला आणि त्याच्या जागी एक चौकटीसारखं जपानी अक्षर येऊन बसलं. परदेशी विकायच्या घड्याळांवर वार इंग्रजीत असे, नाही तर त्या त्या देशाच्या भाषेत. जपानी अक्षरं फक्त जपान्यांनी जपानात घ्यायच्या घड्याळावर. सीताबर्डीच्या फुटपाथचा प्रश्नच मिटला होता.

"कांजी!" तो ओरडला. त्या लिपीला जपानीत कांजी म्हणतात. "कांजी आहे! इतके वर्षं आतमध्ये कांजी आहे, अन् कोणालेच पत्ता नाही! मामाजी, तुम्ही खरं बोलले होते!"

धोंडबा आधी ताठ झाले, मग हळूहळू खचले. "मी तं खरंच बोलून राहिलो होतो, बापा," ते म्हणाले, मनगट चोळत उठले आणि आंघोळीला गेले.

घरात फोनला रेंज नव्हती म्हणून प्रशिक गच्चीवर गेला. भैय्याजींनी फोनवर दोनदा "पक्का कांजी आहे?" असं विचारलं आणि उन्हाची पर्वा न करता लगेच निघतो म्हणून सांगितलं. भैय्याजी दुपारच्या उन्हात धरमपेठहून सक्करदऱ्याला येणार, ही बातमी प्रशिकने तिथेच घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. लोकांचे अंगठे येऊ लागले, आणि ते मोजत तो तापलेल्या गच्चीवर जरा जास्तच वेळ उभा राहिला.

खाली आला तेव्हा टेबलावर नुसता रुमाल होता.

"नंदिनी, घडी?"

"आईनं उचलली वाटते."

मागच्या ओसरीत सिंधूताईंसमोर दोन घमेली होती. एकात लुगडं कांजी पीत पडलं होतं. दुसऱ्यात कोमट पाणी, वर रिठ्याचा पांढरा फेस, आणि तळाशी पिवळी तबकडी. सेकंदाचा काटा पाण्याखाली शांतपणे फिरत होता.

प्रशिकच्या तोंडून "मामीजी!" एवढंच फुटलं.

"काढून राहिली, काढून राहिली," सिंधूताई घड्याळ चोळत म्हणाल्या. "तुम्हीच नाही का म्हणाले, इतक्या वर्षाची कांजी आहे आत? जुनी कांजी कोमट पाण्याशिवाय सुटत नाही, जवाई. अन् वाटर प्रूफ आहे, हे बी तुम्हीच सांगितलं. म्हणून तं धाडस केलं."

प्रशिकने घड्याळ पाण्यातून काढलं, बनियनला पुसलं. काचेच्या आत, तबकडीच्या कडेला, बारीक धुकं धरलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्याने 'प्रूफ' लिहिलं, त्याने रबराची कडी पन्नास वर्षं टिकेल असं कुठे लिहिलं नव्हतं.

"उन्हात ठेव ना," धावत आलेली नंदिनी म्हणाली. "आपल्या उन्हात पापड वाळते, घडी नाही वाळणार का?"

"पापड वाळते अन् वाकडा बी होते! डायलचा रंग तडकन. अन् तो कूलर लावू नको, दमट हवा सोडते तो."

"मंग तांदळात ठेव. माहा फोन पाण्यात पडला होता, तांदळानंच वाचवला."

इथे प्रशिकचं सारं ज्ञान संपलं आणि त्याने घड्याळ मलमलच्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खोल पुरलं. मामाजींना काही सांगायचं नाही, असं ठरलं. आंघोळ करून आलेल्या धोंडबांनी घड्याळ कुठे आहे विचारलं, तेव्हा प्रशिक म्हणाला, "आराम करून राहिली, मामाजी. भैय्याजी येण्याच्या आधी जुनी घडी हलवत नाहीत." धोंडबांनी मान डोलावली. मग प्रशिक आतल्या खोलीत जाऊन पडला आणि मोबाइलवर 'पाणी गेलेलं घड्याळ' यावर जगभरच्या माणसांनी काय काय रडून ठेवलंय ते वाचत बसला.

तेवढ्यात लहानू आला. हातात पोतं होतं. संध्याकाळी विहारात खीरदान, आणि घरोघरचे तांदूळ गोळा करायचं काम यंदा लहानूकडे.

"तांदूळ दे गा, धोंडबा. अन् घडीचं काय झालं? आले का तुहे भैय्याजी?"

"येऊन राहिले," धोंडबा म्हणाले. एरवी ते दोन ओंजळी देत. पण आज आपण कंगाल होणार असं ज्याच्या मनाने घेतलेलं असतं, त्याचा हात फार सैल सुटतो. ते स्वयंपाकघरात गेले, डबा उचलून आणला आणि पोत्यात पालथा केला. वर डब्याच्या बुडावर थापट्या मारून शेवटचा दाणाही झटकला. "ने! पुरा ने! आजच्या दिवशी हात आखडू नाही."

प्रशिक बाहेर आला तेव्हा रिकामा डबा मोरीत धुऊन पालथा घातलेला होता. त्या डब्याकडे बघून त्याला सगळं उमगलं. तो अनवाणी पळाला, आणि कोपऱ्यावरच्या डांबराने पाय भाजले तेव्हा नंदिनीची चप्पल घालून पुन्हा पळाला.

विहाराच्या मंडपात ताडपत्रीवर तांदळाचा ढीग पडला होता. भोवती बसून बाया सुपांनी तांदूळ निवडत होत्या. सगळ्यांवर देखरेख सुमतीबाईंची. त्यांचा आवाज मोठा होता आणि कान जरा कमी होता.

"सुमतीबाई, ढिगात घडी आहे!"

"मढी? कोणाची मढी?"

"घडी! मामाजीची! जपानची!"

एवढं ऐकल्यावर मंडपात कोण थांबणार! ओगावासाहेबांची गोष्ट ज्यांनी लग्नात, बारशात ऐकली होती त्या झाडून साऱ्या बाया ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसल्या. निवडलेल्यात न निवडलेले मिसळले. कोणाला एक बांगडी सापडली, कोणाला पाव किलो खडे. लहानू कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होता की सीताबर्डीचा माल असाच हरवते. इतक्यात मागून धोंडबा आले, आपणच पालथ्या केलेल्या डब्याचा अर्थ त्यांना वाटेत नंदिनीने सांगितला होता. ते ढिगापाशी आले आणि मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा पाहून प्रशिकला पहिल्यांदाच घड्याळ सोडून दुसऱ्या कशाचं तरी वाईट वाटलं.

"ढिगात नसन तं गंजात पाहा ना," कोणीतरी म्हणालं. "पहिली खेप धुऊन भिजत घातली आहे."

चुलीशेजारच्या मोठ्या गंजात तांदूळ भिजत होते. वर दुधासारखं पांढरं पाणी. सुमतीबाईंनी पदर खोचून खांद्यापर्यंत हात आत घातला, दोनदा ढवळला आणि एक फडकं वर काढलं. फडक्यातून ओघळलेल्या पांढऱ्या पाण्यातून पिवळी तबकडी चमकली. त्या दिवशी सकाळी जी कांजी घड्याळात नव्हती, ती आता कच्ची का होईना, पण खरोखर पोचली होती.

"चालून राहिली वं, बाई!" सुमतीबाईंनी घड्याळ कानाला लावून जाहीर केलं. त्यांच्या कानाला ऐकू आलं म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कुठे आहे कांजी?"

मंडपाच्या दारात भैय्याजी उभे होते. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. सिंधूताईंनी त्यांना घरून इकडे पाठवलं होतं आणि मागोमाग स्वतःही आल्या होत्या. प्रशिकने घड्याळ पुढे केलं. ते ओलं का आहे, हे सांगायला तोंड उघडलं, पण भैय्याजींनी बोट वर केलं. ते घड्याळ पाहत तेव्हा कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. पाठ पाहिली, बाजू पाहिली, तबकडी पाहिली. चावी दाबून वार फिरवला. जपानी अक्षर आलं, इंग्रजी आलं, पुन्हा जपानी आलं. वरचं बटण दाबलं. लांब काटा पळाला. पुन्हा दाबलं. थांबला. खालचं दाबलं. काटा मुकाट जागेवर आला. मंडपात सूपसुद्धा वाजत नव्हतं.

"डायल मूळचं," भैय्याजी म्हणाले. "काटे मूळचे. मशीन मूळची असणार. जपानातली, जपान्याच्याच हातची." त्यांनी भिंग खाली घेतलं. "अस्सल!"

बायांनी सुपं वाजवली. लहानूच्या तोंडचं पाणी पळालं, त्याने चारी बाजूंना पाहिलं, सुटका नाही हे ओळखलं आणि घसा खाकरून म्हणाला, "धोंडबा खोटं नाही बोलला गा. मीच बोललो." धोंडबांची छाती फुगली. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. मग उजवा हात तसाच हवेत राहिला आणि हळूच रिकाम्या मनगटावर जाऊन बसला.

"घ्या, जवाई," ते म्हणाले. आवाज खालचा होता, पण शब्द मोडायचा नाही अशा बेताने लावलेला. "तुमची झाली आता."

"एक मिनिट," भैय्याजी म्हणाले. घड्याळ त्यांनी पुन्हा उजेडात धरलं होतं. "हे धुकं कायचं? अन् हा दाणा?" त्यांच्या आवाजाला धार आली. "प्रशिक, पाणी गेलं हिच्यात?"

"म्या धुतली," सिंधूताई पुढे येऊन म्हणाल्या. "कांजी काढाले."

भैय्याजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रशिककडे, मग सुमतीबाईंनी पुढे सरकवलेल्या खुर्चीवर ते बसले. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि त्यानेच वारा घेऊ लागले. "कांजी काढायला!" ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं की दुःखाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग... आता खिचडी का, भैय्याजी?" प्रशिकने विचारलं.

"खिचडी कशी होईल? अस्सल ती अस्सलच. पण संग्रहाची नाही राहिली बेटा आता. पाण्याचा डाग राहील. उद्याच्या उद्या कारागिराकडून खोलून सुकवून घे, तेलपाणी कर. हातात घालून अजून वीस वर्षं चालेल. पण तुझ्या पेटीत ठेवायची घडी नाही ही. ज्याच्या मनगटावर होती, त्याच्याच शोभेल."

धोंडबांच्या डोळ्यांत जे उजळलं, ते प्रशिकने भिंगाशिवाय पाहिलं. त्याला घड्याळ अजूनही हवं होतं. डाग असला तरी हवं होतं. भैय्याजींनी अस्सल म्हटलेलं त्याच्या आयुष्यातलं पहिलं घड्याळ होतं ते, आणि हात पुढे केला असता तर कोणी नाही म्हटलं नसतं.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मामाजी, राग मानू नका. पाणी प्यालेली घडी मी घेत नाही. नियम म्हणजे नियम."

"अशी गोष्ट आहे का?" धोंडबा म्हणाले. चेहरा दुःखी ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "मी तं देऊन राहिलो होतो. साऱ्यायनं पाहिलं, लहानू, पाहिलं ना गा? जवाईच नाही म्हणून राहिले. आता काय करता, ठेवा लागन मलेच." आणि एवढं बोलून होईपर्यंत घड्याळ त्यांच्या मनगटावर चढून पट्टा लागलासुद्धा होता.

सूर्य उतरला तेव्हा खीर वाटून झाली होती. भैय्याजी दोन वाट्या खाऊन गेले. जाताना त्यांनी प्रशिकला बजावलं की झाल्या प्रकारातलं 'अस्सल' तेवढं ग्रुपवर टाकायचं, 'धुतली' टाकायचं नाही. विहाराच्या पायरीवर सिंधूताई कडक पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. प्रशिक त्यांच्याजवळ जाऊन बसला. दिवसभर त्यांना कोणीतरी काहीतरी बोललं होतं. बायांनी तर कांजी कांजी म्हणून चिडवलं होतं.

"मामीजी, तुम्ही मनाले लावून नका घेऊ," तो म्हणाला. "चूक तुमची नाही. शब्दच तसा आहे. जपानी लोकायची जी अक्षरं असतात ना, त्यायले..."

"कांजी म्हणते," सिंधूताई म्हणाल्या.

प्रशिकच्या हातातली वाटी थांबली.

"ओगावासाहेबानंच सांगितलं होतं," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "तापानं पडला होता तो आमच्या घरी. पोटात काही ठरे नाही, म्हणून म्या भाताची कांजी पाजली. 'कांजी' म्हटलं तं तो हासतच सुटला. मंग त्यानं घडीच्या खिडकीतलं अक्षर दाखवलं, म्हणे, कांजी. म्या वाटी दाखवली, म्हटलं, कांजी. दोघं बी पोट धरून हासलो. तेवढीच एक भाषा होती आमची."

"मंग... धुतली काहून?"

सिंधूताईंनी मंडपाकडे हनुवटी केली. तिथे धोंडबा लहानूसमोर हात नाचवत होते. लहानू मुकाट ऐकत होता.

"तुमचे मामाजी कबूल करून बसले अन् आठ दिवस पोटभर जेवले नाही. झोपेत बी मनगट चाचपे हा माणूस. शब्द मोडा म्हटलं तं मोडणार नाही. तुम्ही तं नेल्याशिवाय राहणार नाही, हे लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे मले. अन् सकाळी तुम्हीच सांगितलं, भैय्याजीले पाणी चालत नाही म्हणून."

"अन् बिघडली असती तर?"

"तुम्हीच वरडून राहिले होते ना, प्रूफ आहे म्हणून? म्या तुमच्या शब्दावर धुतली." त्या जरा थांबल्या. "तांदळाचं मात्र माहं काही नव्हतं बापा. ते त्यायचं त्यायनंच केलं."

प्रशिकला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. सिंधूताईंनी त्याच्या हातातल्या वाटीत डोकावून पाहिलं, वाटीत खीर कमी दिसली म्हणून आपल्या वाटीतली थोडी त्यात ओतली, आणि उठता उठता आवाज खाली आणून म्हणाल्या,

"अन् जवाई, हे तुमच्या मामाजीले सांगू नका. यायले अजून वाटते, मले घडीतलं काही समजत नाही."